माझी चाल आणि लोकांची मतं

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे. म्हातारी म्हणालात तरी मला राग नाही. राग यायला समोरचा तेवढ्या लायकीचा असावा लागतो. अंडी द्यायची मी केव्हाच सोडली. पिसं विरळ झाली आहेत आणि तुरा एका अंगाला कलला आहे. तरी माझी गोष्ट ऐका, कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेलं आहे. फक्त तेव्हा मी चार मजली उंच होते, माझ्या तोंडात दात होते आणि मी एका अंतराळयानाचं शेपूट चावत होते.

'दोन चंद्रांचा मुलूख' ही चित्रकथा तुम्ही वाचली असेल. माणसांचं एक यान भरकटत दूरच्या ग्रहावर उतरतं. त्या ग्रहावर डायनासोर अजून जिवंत असतात, कळपाने राहत असतात, आणि माणसांना त्यांच्याकडून जगायला शिकावं लागतं. त्या कथेतला प्रत्येक डायनासोर म्हणजे मी. त्या डायनासोरांवर लोकांनी जी मतं दिली, ती सगळी एकावर एक रचली तर माझ्या खुराड्याहून उंच ढीग होईल. वासही साधारण तसाच येईल.

पण मुळापासून सांगते.

माझा जन्म यंत्रात झाला. आईचं तोंड मी पाहिलं नाही. डोक्यावर एक पिवळा दिवा होता, तोच आमची आई. थोडं मोठं झाल्यावर आम्हाला जाळीच्या पेट्यांमध्ये भरून गाडीत चढवलं. पेटीवर पेटी ठेवताना माझ्या उजव्या पायाचं मधलं बोट जाळीत अडकलं आणि वरच्या पेटीचा भार त्यावर आला. मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण गाडीत सगळ्याच ओरडत होत्या. त्या गोंगाटात माझं ओरडणं कोण वेगळं काढणार? पुढे बोट बरं झालं, पण वाकडं बरं झालं. तेव्हापासून मी उजवा पाय जरा जास्त उचलते, बाहेरून फिरवून आणते आणि अलगद टेकवते. बघणाऱ्याला ती ऐट वाटते. ऐट कसली, कळ असते ती.

कोंबड्यांच्या दुकानात मला कोणी घेईना. मी रोडकी होते. दुकानदाराने कंटाळून मला पेटीबाहेर मोकळं सोडलं होतं. एक दिवस दुकानाची पाटी रंगवायला एक उंच, काटकुळा माणूस आला. घरचे त्याला छोट्या म्हणतात, दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागत असली तरी. तो शहरात वाढलेला. दुकानांवर केळी, कात्र्या, बूट, चष्मे, काय वाटेल ते रंगवायचा, पण जिवंत कोंबडी त्याने जवळून कधी पाहिली नव्हती. पाटीवर कोंबडा काढायचा होता. शिडीवर चढून तो कोंबडा काढायचा सोडून खाली माझ्याकडेच बघत राहिला. बाकीच्या कोंबड्या पेट्यांमध्ये होत्या. पेटीत कोणाला चालता येतं? चालत होते ती मी एकटी.

"अहो, ही चालते कशी बघा," तो दुकानदाराला म्हणाला. "राणीसाहेब दरबारात निघाल्यासारख्या!"

"कसली राणी," दुकानदार म्हणाला. "नुसती हाडं. हिला शिजवायची तर गॅस फुकट जाईल. हवी तर न्या."

अशी मी त्याच्या घरी आले. घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक जाळी लावलेली गॅलरी. घरात छोट्या आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताई दातांच्या दवाखान्यात बसून आलेल्या लोकांची नावं लिहून घ्यायची. दिवसभर लोकांचे सुजलेले गाल बघून तिची जीभ तिखट झाली होती. तिने मला पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "कोंबड्यांच्या दुकानाची पाटी रंगवलीस आणि कोंबडी घेऊन आलास. उद्या बँकेची रंगव, म्हणजे काहीतरी उपयोगाचं आणशील."

पण माझ्यासमोर पाण्याची वाटी तिनेच ठेवली. आणि मला 'बाईसाहेब' हे नावही तिनेच दिलं.

पुढे पाट्या रंगवून घेणं लोकांनी बंद केलं. यंत्रावर छापलेली चकचकीत पाटी लवकर मिळू लागली. छोट्याच्या हाताला काम राहिलं नाही. तो खिडकीत बसून वर्तमानपत्राच्या समासात माझी चित्रं काढायचा. एके दिवशी ताईने ती चित्रं पाहिली. मला तिने कधी नुसती कोंबडी म्हणून पाहिलंच नव्हतं बहुतेक, कारण ती म्हणाली, "छोट्या, हिला दात काढ बघू."

त्याने दात काढले. मग शेपूट लांब केलं. पायाखाली एक चिमुकलं झाड काढलं. मी एका क्षणात एवढी मोठी झाले की ते झाड माझ्या गुडघ्यालाही लागेना. ताई बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसली. दवाखान्यात कोणी नसताना ती मनात एक गोष्ट रचत आली होती, ती तिने त्या दिवशी पहिल्यांदा त्याला सांगितली. 'दोन चंद्रांचा मुलूख' असा सुरू झाला. ती लिहायची, तो काढायचा आणि मी चालायचे.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. सकाळी छोट्या खोलीतलं सामान भिंतीला सारायचा, जमिनीवर टॉर्च ठेवायचा आणि पावाचा तुकडा दाखवून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायचा. माझी सावली भिंतीवर पडायची. काय सावली होती! मी स्वतःलाच घाबरायचे. मी मान झटकली की त्याच्या कागदावर एखादा राक्षसी प्राणी मान झटकायचा. मी पिसं फुलवली की तोही फुलवायचा, कारण छोट्याने त्याच्या डायनासोरांना पिसं दिली होती. गोष्टीत कळपाची म्होरकी एक वयस्क मादी होती. तिचं नाव थोरली. उन्हाळ्यात पाणी कुठे असतं ते तिला एकटीलाच ठाऊक. थोरलीचं चित्र काढताना छोट्या मला पावाचे दोन तुकडे जास्त द्यायचा. ताई म्हणायची, "ऐट बघ बाईसाहेबांची! हिच्या चालीने सगळा कळप चालला पाहिजे."

आणि चालला. त्या ग्रहावरचा लहानमोठा प्रत्येक डायनासोर उजवा पाय जास्त उचलायचा, बाहेरून फिरवायचा आणि अलगद टेकवायचा.

चित्रकथा छापून आली. ती लोकांना आवडली. आणि मग, मित्रांनो, लोकांना मतं झाली.

मत ही काय चीज आहे ते मला तोवर माहीत नव्हतं. आम्हा कोंबड्यांना दाणा दिसला तर आम्ही तो टिपतो, नाही दिसला तर पुढे जातो. माणसाला दाणा दिला की तो आधी दाण्यावर बोलतो. छोट्या जेवताना फोनवर चाहत्यांची मतं मोठ्याने वाचायचा, म्हणून मला ती पाठ झाली. एकाने लिहिलं, डायनासोरांना पिसं का? हा डायनासोर आहे की उशी? दुसऱ्याने लिहिलं, पिसं बरोबर आहेत, पण रंग शोभत नाही. रंग माझा होता. तिसऱ्याला मान फार हलते असं वाटलं. मान हलवल्याशिवाय चालून दाखव म्हणावं, मग बोलू.

सगळ्यात जास्त मतं माझ्या चालीवर होती. एका गटाचं म्हणणं, ग्रहाला दोन चंद्र आहेत, एकाची ओढ जास्त आहे, म्हणून पाय बाहेर फिरतो. दुसऱ्या गटाने यावर हिशेब मांडून दाखवला की तसं असतं तर डावा पाय फिरला असता. एका विद्वानाने लांबलचक लेख लिहिला. ही चाल म्हणजे नामशेष झालेल्या जीवांचं दुःख आहे, असं त्याचं म्हणणं. तो लेख पुष्कळांना आवडला. माझं दुःख बोटाएवढं होतं आणि बोटातच होतं. त्याने ते आभाळाएवढं केलं आणि बोट तेवढं विसरला.

या सगळ्यांचा म्होरक्या एक फरशा विकणारा गृहस्थ होता. त्याचं प्रत्येक वाक्य 'खरं तर' ने सुरू व्हायचं, म्हणून ताईने त्याचं नावच 'खरंतर' ठेवलं. खरंतरने लिहिलं, "खरं तर यात गूढ काही नाही. चित्रकाराला शरीररचना येत नाही."

छोट्या त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठला.

"अरे, फरशा विकणाऱ्याचं काय मनावर घेतोस?" ताई म्हणाली.

"फरशा विकतो म्हणून काय झालं? बाकीचे पन्नास जणही तेच म्हणतायत."

"पन्नास जणांनी म्हटलं म्हणून कावळा पांढरा होतो का?"

पण त्याच्या मनात किडा शिरला तो शिरलाच. चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला एक प्लास्टिकचा डायनासोर भेट पाठवला. हिरवा, गुळगुळीत, तोंड उघडं, दंड पहिलवानासारखे. सोबत चिठ्ठी होती: असे काढा. तो डायनासोर टेबलावर आला आणि मी गॅलरीत गेले. टॉर्च कपाटात गेला. पावाचे तुकडे बंद झाले. ताई कामावर जाताना मूठभर दाणे टाकायची तेवढेच. जाळीच्या दारातून मी बघायचे. छोट्या त्या हिरव्या ठोकळ्यासमोर तासन्‌तास बसायचा. ठोकळा हलत नव्हता, मान झटकत नव्हता, सावलीसुद्धा धड पाडत नव्हता. एकदा दार उघडं राहिलं तेव्हा मी टेबलावर चढले आणि त्या ठोकळ्याच्या डोक्यावर माझं मत नोंदवलं. पुसायला छोट्याला बराच वेळ लागला.

नव्या अंकात डायनासोरांची पिसं गेली. पाय सरळ झाले. सगळे सारखे डरकाळ्या फोडू लागले, अगदी पाणी पितानासुद्धा. ताईने छापायला जायच्या आधीची पानं पाहिली. त्यातलं एक पान उचलून तिने दिव्याखाली धरलं.

"ही थोरली आहे?" तिने विचारलं.

"हो."

"माझी थोरली म्हातारी आहे, छोट्या. ती हळू चालते, कारण मागून पिल्लं येत असतात. ही बाई तर आखाड्यात निघालीये."

"लोकांना हेच हवंय, ताई."

"मग लोकांकडूनच लिहून घे."

"तुला काय जातंय बोलायला? शिव्या माझ्या चित्रांना पडतात. तुझ्या शब्दांना कोण विचारतं?"

मित्रांनो, माणसं चोच नसतानाही अशी टोचतात. ताईने पानं टेबलावर नीट रचून ठेवली, दिवा मालवला आणि आतल्या खोलीत गेली. त्या दिवसापासून तिने लिहिणं थांबवलं आणि त्याच्याशी बोलणंही. दोन खोल्यांच्या घरात दोन माणसं न बोलता राहू लागली. भांडी आपटल्याचा आवाज तेवढा यायचा. निरोप असला तर ताई तो मला सांगायची. "बाईसाहेब, गॅस संपलाय म्हणावं." तोही मलाच सांगायचा. "बाईसाहेब, आणतो म्हणावं." मी दोघांकडेही पाठ केली. मी डायनासोर होते, निरोप्या नव्हते.

तो अंक शेवटी ताईने आधी लिहून ठेवलेल्या मजकुरावर निघाला. आणि चाहते काय म्हणाले असतील? पैज लावा. ते म्हणाले, पूर्वीची मजा गेली. डायनासोर प्लास्टिकचे वाटतात. उशी म्हणणाऱ्याने लिहिलं, पिसांत एक ऊब होती. आणि खरंतरने लिहिलं, "खरं तर त्या चालीतच सगळा जीव होता. चित्रकाराने ती का सोडली, कळत नाही."

ते वाचून छोट्याने फोन पालथा ठेवला. मग टाक धुऊन, पुसून डब्यात बंद केला. हिरवा डायनासोर खिडकीतून खाली टाकायला उचलला, पण खाली सायकलवाला बसलेला दिसला म्हणून परत ठेवला. रागसुद्धा त्याला धड करता येईना. त्याने कागद गुंडाळून माळ्यावर टाकले आणि छापखानेवाल्याला फोन केला. पुढच्या रविवारी चाहत्यांची बैठक होती; तिथे जाऊन चित्रकथा बंद झाल्याचं तो सांगणार होता. ताई स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं. माझ्यापाशी येऊन तिने मूठभर दाणे टाकले आणि ते मी संपवेपर्यंत तिथेच उभी राहिली. एरवी ती थांबत नसे.

रविवारी छोट्या निघून गेल्यावर ताई गॅलरीत आली. तिने मला बाजाराच्या टोपलीत बसवलं आणि वरून जुनी ओढणी झाकली. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. मला झाकून नेण्याचा तिचा हेतू मला टोपलीतच समजला होता. छोट्याशी ती बोलत नव्हती. पण त्याला काही येत नाही असं बाहेरच्याने म्हटलेलं तिला सोसवत नव्हतं.

बैठक एका पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक डगमगतं टेबल, गरगर फिरणारा पंखा आणि भिंतींवर माझी मोठमोठी चित्रं. छोट्या टेबलापाशी मान खाली घालून उभा होता. त्याने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताई मधल्या वाटेने पुढे गेली, टोपली टेबलावर ठेवली आणि ओढणी काढली.

"शरीररचना येत नाही म्हणता ना?" ती म्हणाली. "इतकी वर्षं तो हिला समोर ठेवून काढतोय. एक पाऊल मनाचं काढलेलं नाही. बघा. या आमच्या बाईसाहेब, हाच तुमचा डायनासोर."

मी बाहेर पडले. अंग झटकलं, मान ताठ केली आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. माझ्या मागे भिंतीवर मीच होते, पाच हात उंच, तीच मान, तोच उचललेला पाय. मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मला वाटलं, आता हे सगळे उठून उभे राहतील. कोणाचे तरी डोळे भरून येतील. निदान विद्वान तरी रडेल.

पहिल्या रांगेतल्या एका गोल माणसाने चष्मा वर सरकवला. त्याचे पहिले दोन शब्द कानावर पडले आणि मी ओळखलं, हाच तो.

"खरं तर," तो म्हणाला, "कोंबडी अशी चालत नाही."

मी कोंबडी होते. मी चालत होते. आणि फरशा विकणारा एक माणूस मला सांगत होता की कोंबडी अशी चालत नाही!

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. एक म्हणाला, मान जरा जास्तच हलवते. दुसरी म्हणाली, रंग फिका आहे, चित्रात जास्त खुलतो. तिसऱ्याला आधीची कोंबडी जास्त आवडली होती. आधीची कुठली, ते त्यालाच ठाऊक. विद्वानाने मला बघितलंच नाही, तो भिंतीवरच्या चित्राकडे बघून नामशेष जीवांच्या दुःखावर बोलत होता. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. आमच्या पेटीत यापेक्षा अर्थपूर्ण गोंगाट होता.

खरंतर मात्र उठून पुढे आला. टेबलापाशी येऊन तो गुडघ्यांवर बसला. त्याची हनुवटी टेबलाच्या कडेला टेकली आणि त्याचा चेहरा अगदी माझ्या पायांच्या पातळीवर आला. मी त्याला टोचणारच होते. पण तो बोलत नव्हता. तो नुसता बघत होता. मी एक पाऊल टाकलं. त्याने ते पाऊल पाहिलं. मी दुसरं टाकलं.

"हिचं मधलं बोट मोडलेलं आहे," तो म्हणाला. "जुनं दिसतंय. आत मुडपलंय बघा. ही बिचारी लंगडते." मग तो तसाच बसून वर छोट्याकडे वळला. "साहेब, तुम्ही अख्खा ग्रह लंगडा काढलात."

मागच्या खुर्चीतून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग सगळी खोली हसायला लागली. छोट्याही हसला. किती दिवसांनी हसला! खुर्चीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आणि हसता हसता एकदम थांबला.

तो माझ्याजवळ आला. त्याने मला उचललं नाही. त्याने दोन बोटांनी माझा उजवा पाय हलकेच वर धरला आणि मुडपलेलं बोट पाहिलं. इतकी वर्षं त्याने माझ्या या पायाची किती चित्रं काढली असतील! हातात मात्र तो त्या दिवशी पहिल्यांदा घेतला.

"ताई," तो म्हणाला, "हिला दुखतंय गं. आणि मी त्याला ऐट म्हणत होतो."

ताई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"मी पण," ती म्हणाली.

एवढंच. कित्येक आठवड्यांत ती त्याच्याशी बोललेले ते पहिले शब्द. त्याने मोकळ्या हाताने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि ती बसली.

मला मात्र त्या क्षणी खरंतरचा फार राग आला. मी या लोकांचा मनापासून तिटकारा केला होता, आणि तो तिटकारा मला पुरत आला होता. आता त्यात हा एक माणूस बसेना. ज्यांनी मला पाव दिला, पाणी दिलं, नाव दिलं, त्यांना जे दिसलं नाही, ते या फरशीवाल्याला दिसलं. जो आवडत नाही आणि तरीही बरोबर असतो, त्याच्याइतकं त्रासदायक जनावर जगात नाही. मी त्याच्या हनुवटीवर एकदा टोचलंच. हलकेच.

चित्रकथा बंद करायची गोष्ट त्या दिवशी राहूनच गेली. परतताना बसमध्ये टोपली अर्धी त्याच्या मांडीवर आणि अर्धी तिच्या मांडीवर होती. दोघं फारसं बोलली नाहीत, पण निरोप मला कोणी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी मला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, बोट फार पूर्वी मोडलंय, आता सरळ व्हायचं नाही. पण झोपायला गोल दांडी देऊ नका, सपाट फळी द्या, आणि रोज कोमट पाण्यात पाय शेका. गॅलरीत इतकी वर्षं मी पडद्याच्या गोल दांडीवर झोपत होते. त्या वाकड्या बोटाने रात्रभर दांडी धरून बसायचं म्हणजे काय ते मीच जाणे. छोट्याने ती दांडी काढली, फळी बसवली, तिच्या कडा काचकागदाने घासल्या.

मग तो शहराबाहेर एका कुक्कुटपालन करणाऱ्या बाईंच्या वाडीत गेला आणि दिवसभर मोकळ्या कोंबड्या चालताना पाहत बसला. बदकं पाहिली, तलावावरचे बगळे पाहिले, कावळ्यांच्या उड्या पाहिल्या. घरी येऊन म्हणाला, "ताई, प्रत्येकाची चाल वेगळी असते गं!" जसा काही त्याने शोधच लावला. ताईने कपाळावर हात मारला आणि लिहायला बसली.

नव्या गोष्टीत कळपातला प्रत्येक जण आपापल्या चालीने चालतो. लंगडते ती एकटी थोरली. ती लंगडते हे कळपातल्या कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं. सगळे तिच्या चालीला म्होरकीचा थाट समजत असतात. एके दिवशी कोरड्या नदीपात्रात ती थांबते. पाणी अजून लांब असतं. तेव्हा एक तरुण नर, जो तिला नेहमी विरोध करत आलेला असतो, खाली वाकून तिच्या पायाकडे बघतो. पुढचं मी सांगत नाही. अंक विकत घ्या. त्या नराचा चेहरा जरा गोल आहे आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी वर्तुळं आहेत, एवढंच सांगते.

लोकांनी अंक वाचला आणि त्यांना पुन्हा मतं झाली. पिसं परत आली म्हणून काही जण रागावले. विद्वानाने लिहिलं की थोरलीचं लंगडणं ही नव्याने आणलेली कल्पना असून ती मूळ चालीच्या दुःखाशी विसंगत आहे. आणि खरंतरने लिहिलं, "खरं तर आता प्रत्येक डायनासोर वेगळा चालतो, त्यामुळे वाचकाचा गोंधळ होतो. बाईसाहेबांचा पाय कसा आहे?"

पहिल्या वाक्याला मी मान फिरवली. दुसऱ्यालाही फिरवली, पण सावकाश.

मित्रांनो, एका कोंबडीचं ऐका. मतं द्या, तुम्हाला कोण अडवणार? तोंड आहे, फोन आहे, वेळ तर तुमच्याकडे ढीगभर आहे. पण ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याच्याकडे आधी एकदा खाली वाकून बघा. लांबून बघणाऱ्याला लंगडणं ऐट वाटतं, आणि माया करणाऱ्यालाही तसंच वाटू शकतं. माया केली म्हणजे दिसतंच असं नाही. घरातल्या मुक्या जिवाची चाल बदलली, माणसाचा आवाज बदलला, तर त्याचं कौतुक किंवा चेष्टा करण्याआधी विचारा, कुठे दुखतंय का. त्याला काही मोठी विद्या लागत नाही. गुडघे तेवढे वाकवावे लागतात.

आता संध्याकाळी छोट्या परातीत कोमट पाणी घेतो. ताई हात घालून ते फार गरम नाही ना बघते, कारण त्याच्यावर तिचा अजून पुरता विश्वास नाही. मग तो जमिनीवर मांडी घालून बसतो, मला मांडीशी धरतो आणि माझा पाय पाण्यात ठेवून ते बोट हळूहळू चोळतो. टेबलावर फोन थरथरत असतो. एकामागून एक मतं येत असतात. छोट्या एकदा तिकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो, आणि तसाच बसून राहतो. त्याचे दोन्ही हात ओले असतात.